‘कॅन्सर वॉर्ड’ : कर्करुग्णाचे कामजीवन आणि न दिलेली माहिती

अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांची ‘कॅन्सर वॉर्ड’ ही कादंबरी १९६८ मध्ये रशियाबाहेर प्रसिद्ध झाली. स्वदेशात ती ‘नोवी मीर’ या नियतकालिकातून छापली जाण्यास १९९० साल उजाडावे लागले. या दरम्यानच्या बावीस वर्षांत तिच्याविषयी जे लेखन झाले ते बव्हंशी राजकीय अंगाने झाले. ताश्कंदचे रुग्णालय म्हणजे सोव्हिएत समाज, शरीरातील गाठ म्हणजे छळछावण्यांचे जाळे आणि डॉक्टर म्हणजे राज्यसंस्था हे समीकरण मांडणे सोपे होते. वर्गात शिकविण्यास सोयीचे होते आणि परीक्षेत लिहिण्यास त्याहून सोयीचे. परिणामी या कादंबरीतील आजार हा आजार म्हणून वाचण्याची गरज अभ्यासकांना फारशी भासली नाही.

वस्तुतः लेखकाने स्वतःच हे समीकरण नाकारले होते. सप्टेंबर १९६७ मध्ये सोव्हिएत लेखक संघाच्या सचिवमंडळापुढे सोल्झेनित्सिन यांना कादंबरीच्या शीर्षकाबद्दल जाब द्यावा लागला. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, केवळ प्रतीकच उभे करावयाचे असते तर एवढ्या वैद्यकीय तपशिलाची आवश्यकता नव्हती. हस्तलिखित कर्करोगतज्ज्ञांना दाखविले असता त्यांनी तपशील निर्दोष ठरविले. तेव्हा येथे कर्करोग म्हणजे कर्करोगच समजावा. सुसान सोन्टॅग यांनीही ‘इलनेस ॲज मेटाफर’ (१९७८) या ग्रंथात, या कादंबरीत कर्करोगाचा रूपक म्हणून वापर जवळजवळ नाहीच, असे नोंदवून लेखकाची बाजू घेतली. त्याच ग्रंथातील त्यांचे दुसरे निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. क्षयरोगाने कामेच्छा प्रज्वलित होते असा एकेकाळी समज होता. कर्करोग मात्र माणसाला कामहीन करणारा रोग मानला गेला. हा समज एकदा रुजला की उपचारांमुळे रुग्णाच्या कामजीवनाचे काय होणार, हे त्याला सांगण्याचे कारणच उरत नाही. जे आधीच गेले असे गृहीत धरले आहे, त्याची हानी कोण मोजणार?

‘कॅन्सर वॉर्ड’ची मांडणी नेमकी या गृहीताच्या विरोधात झालेली आहे. कादंबरीचा नायक ज्या माहितीसाठी झगडतो ती केवळ रोगनिदानाची माहिती नाही. उपचार आपल्या शरीरातून काय काढून घेणार, आणि ते देऊन जगण्याचा निर्णय कोणाचा, हा त्याचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात कादंबरीतील ही एकच बाजू तपासली आहे, आणि जेथे कादंबरीची दृष्टी अपुरी पडते तेथे ऑड्री लॉर्ड यांच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) या आत्मपर लेखनाचा आधार घेतला आहे.

रात्रपाळीतील खुलासा

ओलेग कोस्तोग्लोतोव हा चौतीस वर्षांचा नायक १९५५ च्या प्रारंभी जवळजवळ मरणासन्न अवस्थेत ताश्कंदच्या रुग्णालयात दाखल होतो. तारुण्याची सारी वर्षे युद्ध, छावणी आणि कायमची हद्दपारी यांत गेलेली आहेत. क्ष-किरणांच्या उपचाराने पोटातील गाठ आक्रसते, त्याला भूक लागू लागते, झोप येऊ लागते आणि त्याबरोबर स्त्रीविषयीची ओढही परतते. बरे होणे म्हणजे काय याची कोस्तोग्लोतोवची व्याख्या या क्रमातूनच तयार होते. डॉक्टरांच्या नोंदवहीत गाठीचा आकार कमी होतो; कोस्तोग्लोतोवच्या लेखी तो पुन्हा पुरुष होऊ लागतो. या दोन नोंदींचा मेळ कादंबरीत शेवटपर्यंत बसत नाही.

किरणोपचार विभागाच्या प्रमुख ल्युदमिला दोन्त्सोवा यांच्याशी त्याचा पहिला मोठा वाद याच मुद्द्यावर होतो. उपचार थांबवून आपल्याला जाऊ द्यावे, कोणत्याही किमतीवर वाचविले जाणे आपल्याला नको, दुसऱ्याच्या वतीने ठरविण्याचा अधिकार डॉक्टरांना कोणी दिला, असा त्याचा रोख आहे. दोन्त्सोवा यांना तो उर्मट आणि अडाणी वाटतो. तथापि लेखकाने त्यांना खलनायिका केलेले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या दिवसभर राबतात, रुग्णांसाठी झटतात, आणि पूर्वी दिलेल्या किरणांचे दुष्परिणाम अनेक वर्षांनी घेऊन परतणारे रुग्ण पाहून अंतर्यामी अस्वस्थही होतात. परंतु ही अस्वस्थता त्या रुग्णापुढे उघड करीत नाहीत. रुसानोव या अधिकारी रुग्णाला त्याचा आजार कर्करोग नाहीच असे बिनदिक्कत सांगितले जाते. निदानच जेथे दडविले जाते तेथे उपचारांच्या लैंगिक परिणामांची चर्चा होणे संभवतच नाही. मौनाची ही उतरंड आहे, आणि कामजीवन तिच्या अगदी तळाशी आहे.

किरणोपचारानंतर कोस्तोग्लोतोवला सिनेस्ट्रॉलची इंजेक्शने लिहून दिली जातात. हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक आहे. ते कशासाठी आहे आणि त्याने काय होते, हे कोणताही डॉक्टर त्याला आपणहून सांगत नाही. ते सांगते झोया. ती परिचारिका आहे, वैद्यकीची विद्यार्थिनी आहे आणि कोस्तोग्लोतोवकडे आकृष्ट झालेली आहे. रात्रपाळीत, दोघांच्या वाढत्या जवळिकीच्या ओघात ती त्याला समजावते की, ही इंजेक्शने चालू राहिली तर प्रथम क्षमता जाईल, पुढे मोठ्या मात्रेने इच्छाही जाईल आणि शरीराची ठेवणसुद्धा बदलेल. मृत्युशय्येवरील एका रुग्णासाठी प्राणवायूची पिशवी भरत असताना या दोघांनी घेतलेली चुंबने कादंबरीच्या वाचकांच्या स्मरणात राहतात. परंतु समीक्षेच्या दृष्टीने त्या चुंबनांपेक्षा हा खुलासा अधिक विचारणीय आहे.

कर्करुग्णाच्या आयुष्यातील इतकी महत्त्वाची माहिती त्याला चोरून मिळते. जिला ती देण्याचा अधिकार नाही तिच्याकडून मिळते. आणि ती देण्यामागे तिचा स्वतःचा हेतूही गुंतलेला आहे: कोस्तोग्लोतोवचे शरीर हे शरीर म्हणून जिला हवे आहे, तिलाच ते हिरावले जाणे महत्त्वाचे वाटते. रुग्णालयाच्या साऱ्या यंत्रणेत या पुरुषाच्या पुरुषपणाची दखल घेणारी ती पहिली व्यक्ती ठरते. सोल्झेनित्सिन यांनी हे भाष्य करून सांगितलेले नाही, प्रसंगाच्या बांधणीतच ते आहे. मात्र या बांधणीची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. झोया माहिती देते, पण त्या माहितीचे पुढे काय करावे हे ती सांगू शकत नाही. परिणाम किती मात्रेने होतो, तो औषध थांबविल्यावर उलटतो का, दुसरा काही मार्ग आहे का, यांपैकी कशाचेच उत्तर तिच्यापाशी नाही. कोस्तोग्लोतोवच्या हाती एक भयंकर वाक्य तेवढे पडते आणि पुढील सारी पाने तो त्या वाक्यासह एकटा वावरतो.

येथे वैद्यकाच्या इतिहासातील काही गोष्टींची नोंद करणे आवश्यक आहे. संप्रेरकांचा उपयोग पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात होतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले व त्यासाठी १९६६ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. या यशामुळे अन्य गाठींवरही तोच मार्ग चोखाळण्याचा मोह त्या काळी झाला असल्यास नवल नाही. सोल्झेनित्सिन यांना स्वतःला झालेला कर्करोग वृषणातून उद्भवणारा, सेमिनोमा या प्रकारचा, मानला जातो. १९५२ मध्ये छावणीत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि १९५४ मध्ये ताश्कंदला किरणोपचार झाले. कादंबरीतील आजाराचे तपशील त्याच्याशी जुळतात. सेमिनोमा किरणांना उत्तम प्रतिसाद देतो, परंतु तो संप्रेरकांवर अवलंबून असणारा कर्करोग नाही, आणि आजच्या उपचारपद्धतीत स्त्री-संप्रेरकाला त्यात स्थान नाही. म्हणजे जगण्याची अटळ किंमत म्हणून जो त्याग कोस्तोग्लोतोवकडून मागितला गेला, तो आजच्या ज्ञानानुसार मागण्याची गरज नव्हती. रुग्णाला त्याच्या भल्यासाठी अंधारात ठेवणे ज्या खात्रीवर आधारलेले असते, ती खात्री एका पिढीच्या आत मोडीत निघू शकते, हे या एका इंजेक्शनावरून दिसते. लेखकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १९७० ते १९७३ या काळात त्यांना तीन मुलगे झाले. कादंबरी लिहिताना नायकाच्या तोंडी घातलेली वंश खुंटण्याची भीती स्वतः लेखकाच्या बाबतीत खरी ठरली नाही. अर्थात यावरून कोस्तोग्लोतोवची भीती खोटी ठरत नाही. त्याला जेवढे सांगण्यात आले तेवढ्यावर ती रास्तच होती. गोठविलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याची पहिली नोंद १९५३ ची आहे. ताश्कंदच्या त्या रुग्णालयात ही गोष्ट कोणी ऐकली असण्याचा संभव नाही, पण काळ तोच होता.

वेराचे उत्तर

कोस्तोग्लोतोव हा प्रश्न पुढे डॉ. वेरा गँगार्ट यांच्यापुढे मांडतो. रक्त चढविले जात असताना झालेला हा संवाद कादंबरीच्या वैचारिक गाभ्याशी आहे. आधी आपले स्वतःचे जीवन हिरावले गेले. आता स्वतःला पुढे चालविण्याचा हक्कही जात आहे. मग जे उरेल त्याचा उपयोग कोणाला, असे तो विचारतो. या ओघात दोघांना तरुणपणी वाचलेल्या एका पुस्तकाची आठवण होते. डॉ. फ्रिडलंड यांचे ‘बंद दाराआड’ हे लैंगिक विषयावरील, एका वैद्याने निर्विकारपणे लिहिलेले पुस्तक. दोघांनाही त्यातील कोरड्या, शारीर निष्कर्षांनी धक्का बसलेला असतो. वेरा यांचे उत्तर असे की, निदान काही मूठभर माणसांनी तरी निराळा विचार केला पाहिजे. सगळ्यांनीच तसे मानले तर जगावे कोणाच्या सोबतीने?

समीक्षकांना हा संवाद उदात्त वाटत आला आहे, आणि तो आहेही. वेरा यांचा वाग्दत्त वर युद्धात मारला गेला असून त्यांनी त्याच्या स्मृतीशी निष्ठा राखली आहे. त्यांचे म्हणणे अनुभवातून आलेले आहे, ते उपदेशाचे नाही. परंतु रुग्णाला द्यावयाच्या माहितीच्या संदर्भात पाहिले असता या उत्तरात एक मोठी उणीव दिसते. कोस्तोग्लोतोवने विचारलेला प्रश्न शरीराचा होता. त्याला मिळालेले उत्तर आत्म्याचे आहे. वेरा या डॉक्टर आहेत. औषध काय करते हे त्यांना ठाऊक आहे. संभोगक्षमता घटली तरी स्पर्श, सहवास, लालित्य आणि सुख यांचे अन्य मार्ग उरतात, हे एक डॉक्टर म्हणून सांगणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्या काळाच्या भाषेत एका टोकाला फ्रिडलंड यांची निर्विकार शारीरिकता होती आणि दुसऱ्या टोकाला निष्काम प्रेमाचा आदर्श. मधली जागा रिकामी होती. कर्करुग्णाला बहुधा त्या मधल्या जागेतच जगावयाचे असते.

मराठी वाचकाला या ठिकाणी र. धों. कर्वे यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे चाललेल्या ‘समाजस्वास्थ्य’ने कामजीवनाविषयी शास्त्रीय भाषेत व निःसंकोच बोलण्याचा मराठीतील बहुधा सर्वांत मोठा प्रयत्न केला. त्यासाठी कर्वे यांच्यावर खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. कर्वे यांचे कार्य निरोगी स्त्री-पुरुषांच्या संततिनियमनाभोवती आणि सुखाच्या हक्काभोवती फिरते. रोगजर्जर शरीराच्या कामजीवनाचा विचार हा त्या कार्याचा मध्यवर्ती विषय नव्हता. ही कर्वे यांची उणीव म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना ज्या लढाया लढाव्या लागल्या त्या याआधीच्या होत्या.

ट्राममधील निर्णय

कादंबरीचा शेवट वारंवार चर्चिला गेला आहे. रुग्णालयातून सुटल्यावर कोस्तोग्लोतोव शहरात हिंडतो, प्राणिसंग्रहालय पाहतो, वेरा यांच्या घरी एकदा जाऊन येतो, पण त्यांची भेट होत नाही. दुसऱ्यांदा जाण्यासाठी तो निघतो खरा, पण पोहोचत नाही. स्थानकावर बसून तो झोयाला व वेरा यांना पत्रे लिहितो आणि हद्दपारीच्या गावाकडे परततो. छावणीत सर्वस्व गमावलेल्या माणसाला सुखाचा स्वीकार करता येत नाही, असा या शेवटाचा अर्थ सामान्यतः लावला जातो.

परंतु हा अर्थ लावताना मधला ट्रामचा प्रसंग वगळला जातो. खच्चून भरलेल्या ट्राममध्ये कोस्तोग्लोतोव एका अनोळखी मुलीच्या अगदी निकट रेटला जातो. त्या स्पर्शाने त्याला सुख होते आणि त्याच क्षणी यातनाही होतात, कारण त्याला कळून चुकते की इच्छा शिल्लक आहे, पण इच्छाच काय ती शिल्लक आहे. झोयाने रात्रपाळीत सांगितलेले वाक्य येथे परत येते. वेरा यांच्याकडे न जाण्याचा निर्णय त्याच्या मनात या ठिकाणी होतो. वेरा यांना लिहिलेल्या पत्रातही, आपल्या सहवासातून काहीतरी खोटे, बळेच उदात्त केलेले असे नाते उभे राहिले असते, अशा अर्थाची कबुली तो देतो.

म्हणजे कादंबरीचा शेवट ज्या बिजागरीवर फिरतो ती बिजागरी अर्धवट दिलेल्या वैद्यकीय माहितीची आहे. कोस्तोग्लोतोवला परिणाम ठाऊक आहे, पण तो तात्पुरता की कायमचा हे ठाऊक नाही. वेरा यांना सारे ठाऊक आहे, पण त्या आणि तो यांच्यात या विषयावर, त्या दोघांच्या संदर्भात, एक शब्दही बोलला गेलेला नाही. दोन सुबुद्ध, परस्परांविषयी आस्था असलेली माणसे एका न झालेल्या संभाषणामुळे दुरावतात. राजकीय वाचनाला हा तपशील क्षुल्लक वाटला असावा. छावणीने त्याचे आयुष्य उद्ध्वस्त केले हे निर्विवाद आहे. पण ट्राममधून उतरताना त्याच्या मनात छावणी नसते.

आस्या आणि शुलुबिन

कादंबरीतील दुसरा मोठा प्रसंग आस्याचा आहे. ही शाळकरी, खेळाडू, उत्फुल्ल मुलगी दोन-तीन दिवसांच्या तपासणीसाठी म्हणून येते. द्योमका या सोळा वर्षांच्या मुलाचा पाय कापावा लागणार असतो, तेव्हा ती त्याला ठासून सांगते की, पायावाचून जगण्यापेक्षा मेलेले बरे. पुढे द्योमकाचा पाय जातो. आणि एके दिवशी आस्या रडत त्याच्याकडे येते, कारण तिचा स्तन काढावयाचे ठरले आहे. आता आपण कोणाला हव्या असणार, हा तिचा आक्रोश आहे. ज्याला शेवटचे पाहता येईल असा तूच, असे म्हणून ती त्याला आपला स्तन दाखविते व त्याचे चुंबन घेण्यास सांगते. आज जे अद्भुत आहे ते उद्या टोपलीत पडणार, अशा आशयाच्या भाष्याने निवेदक प्रसंग संपवितो.

हा प्रसंग हृदयद्रावक आहे याविषयी दुमत नसावे. मात्र तो कोणाच्या नजरेतून उभा राहतो, हे विचारले पाहिजे. आस्याचे दुःख निवेदकाने पूर्णपणे पाहिले जाण्याच्या, हवेसे असण्याच्या परिभाषेत मांडले आहे. तिला स्वतःला त्या शरीरातून काय अनुभवता येत होते आणि काय येणार नाही, हा प्रश्न कादंबरीला पडत नाही. कोस्तोग्लोतोवला स्वतःची इच्छा आहे. आस्याला केवळ इतरांच्या इच्छेचा विषय होणे आहे. डॉक्टरांचे मौन तर दोघांच्याही वाट्याला सारखेच आले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याविषयी या मुलीशी रुग्णालयातील कोणी बोलल्याचा उल्लेख नाही, आणि सांत्वनाची सारी जबाबदारी एका पाय गमावलेल्या सोळा वर्षांच्या मुलावर येऊन पडते. आस्याला जी शस्त्रक्रिया सांगितली गेली तिच्याविषयीही आजचे ज्ञान निराळे आहे. प्रारंभिक अवस्थेतील स्तनकर्करोगात केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यास आयुर्मान कमी होत नाही, हे बर्नार्ड फिशर व उंबेर्तो वेरोनेसी यांच्या चाचण्यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनी पक्के केले.

ऑड्री लॉर्ड यांचे लेखन नेमके आस्याच्या जागेवरून, पण प्रौढ आणि स्वतःच्या आवाजात आलेले आहे. १९७८ मध्ये त्यांचा उजवा स्तन काढण्यात आला. तोवर अमेरिकेत परिस्थिती ताश्कंदसारखी राहिलेली नव्हती. शस्त्रक्रियेनंतर ‘रीच टू रिकव्हरी’ या उपक्रमाची स्वयंसेविका लॉर्ड यांच्या खाटेपाशी येते, सोबत लोकरीचा फिकट गुलाबी कृत्रिम स्तन आणते आणि पूर्वीसारखेच दिसता येईल, कोणाला कळणारही नाही, असा दिलासा देते. म्हणजे माहिती दिली जाते. पण ती कोणाच्या सोयीची? लॉर्ड कृष्णवर्णीय होत्या आणि त्यांचे सहजीवन स्त्रीशी होते. पुरुषाच्या पसंतीभोवती फिरणारा हा दिलासा त्यांच्या उपयोगाचा नव्हता. आपल्या शरीराला प्रेमाचा स्पर्श आता कसा होईल, आपल्याला तो कसा जाणवेल, हे त्यांचे प्रश्न होते. पुढे शल्यविशारदाच्या दवाखान्यात कृत्रिम स्तन न लावता त्या गेल्या असता, यामुळे इतर रुग्णांच्या मनोधैर्यावर परिणाम होतो, असे तेथील परिचारिकेने त्यांना सुनावले. सोल्झेनित्सिन यांच्या जगात मौन आहे. लॉर्ड यांच्या जगात मौनाची जागा तयार उत्तरांनी घेतली आहे. रुग्णाला न विचारता दिलेली माहिती ही बरेचदा मौनाचेच सुधारलेले रूप असते. आस्याचा प्रसंग लॉर्ड यांच्यानंतर वाचताना त्यातील करुणा कमी होत नाही, पण त्या करुणेत आस्याला स्वतः काही बोलावयाचे होते का, ही शंका डोकावतेच.

शुलुबिन या वृद्ध ग्रंथपालाचा उल्लेख या संदर्भात सहसा होत नाही. त्याला गुदाशयाचा कर्करोग आहे आणि शस्त्रक्रियेत पोटाला छिद्र पाडून मलमार्ग काढला जाणार आहे. दुर्गंधीमुळे माणसे आपल्याशेजारी बसणार नाहीत, या भीतीने तो पछाडलेला आहे. त्याच्या बाबतीत कामजीवनाचा प्रश्न कादंबरी उपस्थित करीत नाही. वयामुळे तो गैरलागू मानला गेला असावा. पण जवळीक म्हणजे केवळ संभोग नव्हे हे ज्या पात्रामुळे सर्वाधिक स्पष्ट होते ते हेच. शेजारी बसता येणे ही जवळिकीची पहिली पायरी आहे, आणि शुलुबिनला तीच नाकारली जाण्याची धास्ती आहे.

सांगणे म्हणजे काय

कोस्तोग्लोतोवच्या काळानंतर वैद्यकाने या विषयाची पद्धतशीर दखल घेतली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये मांडलेली ‘प्लिसिट’ ही चौकट आजही वापरली जाते. तिच्या चार पायऱ्या आहेत: बोलण्याची मोकळीक देणे, मर्यादित माहिती देणे, विशिष्ट सूचना करणे आणि आवश्यक तेथे सखोल उपचार. या चौकटीतून पाहिले तर झोया दुसऱ्या पायरीवर आहे, वेरा कोणत्याच पायरीवर नाहीत, आणि पहिली पायरी तर त्या रुग्णालयात बांधलेलीच नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २०१८ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक सूचनांचा पहिला आग्रहही हाच आहे की, हा विषय रुग्णाने काढण्याची वाट न पाहता उपचार करणाऱ्या पथकाने काढावा. रुग्ण विचारीत नाही याचा अर्थ त्याला जाणून घ्यावयाचे नाही असा होत नाही. बरेचदा जीव वाचत असताना असले काही विचारणे कृतघ्नपणाचे दिसेल, या संकोचाने तो गप्प राहतो. कोस्तोग्लोतोव विचारतो, आणि म्हणून उर्मट ठरतो.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे डॉक्टर बरेचदा रुग्णाशी न बोलता त्याच्या नातेवाइकांशी बोलतात. पुष्कळदा निदान मुलाला ठाऊक असते, आईला नसते. अशा वेळी किरणोपचारानंतर योनिमार्ग आकुंचन पावू शकतो आणि त्यावर उपाय आहेत, हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या स्त्रीला मुलाच्या देखत कोण सांगणार? हा संसर्ग संबंधातून आपल्याला होईल, या पतीच्या गैरसमजाचे निराकरण कोण करणार? कर्करोग संभोगाने दुसऱ्यास होत नाही, हे एक वाक्य किती घरांतील अंथरुणे पुन्हा जवळ आणू शकेल. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या एका निकालात, सज्ञान स्त्री भुलीखाली असताना केवळ आईच्या संमतीवर तिचे गर्भाशय व बीजकोश काढणे अवैध ठरविले आणि संमती ही रुग्णाची स्वतःची, पुरेशा माहितीनंतरची असली पाहिजे, असे स्पष्ट केले. त्या खटल्यातील आजार कर्करोग नव्हता. तत्त्व मात्र येथेही तेच आहे. ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत मराठी घरांत जे संपविले जाते, त्यात काय काय गेले हे त्या स्त्रीला विचारण्याची पद्धत नाही.

तरीही माहितीचा आग्रह धरताना कादंबरीतील एक प्रसंग विसरता येणार नाही. दोन्त्सोवा यांना स्वतःला कर्करोगाची लक्षणे दिसू लागतात, तेव्हा त्या आपले वृद्ध गुरू ओरेश्चेन्कोव यांच्याकडे जातात आणि आपल्याला तपशील सांगू नये, त्यांनीच काय ते ठरवावे, असे विनवितात. आयुष्यभर इतरांपासून जे दडविले तेच त्या स्वतःसाठी मागतात. याला ढोंग म्हणणे उथळपणाचे होईल. न जाणण्याचाही हक्क असतो. फरक इतकाच की दोन्त्सोवा यांना तो मागता आला आणि कोणीतरी त्यांचे ऐकून घेतले. कोस्तोग्लोतोवला किती ऐकावयाचे आहे, हे मात्र कोणी विचारले नाही.

मराठीतून या कादंबरीचा विचार करताना एक भाषिक अडचणही समोर येते, आणि ती रुग्णालयातील अडचणीहून वेगळी नाही. ट्रामच्या प्रसंगात कोस्तोग्लोतोवच्या मनात येणारा शब्द ‘लिबिडो’ हा वैद्यकातील लॅटिन शब्द आहे. त्याला रशियनमधील रोजचा शब्द सुचत नाही, कारण हे ज्ञान त्याला वैद्यकाच्या दारातूनच मिळाले आहे. मराठीत त्या ठिकाणी काय घालावे? ‘वासना’ म्हटले की पाप आले. ‘कामेच्छा’ हा शब्द ग्रंथातला, खाटेवरच्या माणसाच्या तोंडी न बसणारा. ‘इच्छा’ इतका सैल की त्यात काहीही मावते. ‘संबंध’ हा बोलीतला शब्द आहे, पण तो क्रियेचा आहे, ओढीचा नाही. बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटांत एखाद्या शेतकरी जोडप्याशी बोलू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरपुढे हीच यादी असते, आणि शब्द न सापडल्यामुळे तो पुढच्या तपासणीची तारीख सांगून कागद परत देतो.